बेकरीचं दार

भांडण एका दारावरून झालं. दार लोखंडी, पन्नास वर्षांपूर्वीचं, आणि ते ज्या जहाजाला होतं ते जहाजच भंगारात जाऊन आठ वर्षं उलटून गेलेली. तरी चार म्हातारे त्या दारावरून इतके इरेला पेटले, की आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हळू बोला, शेजारी काय म्हणतले?"

२०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. आमचं घर तिथून जवळ, मालवणच्या बाहेर रस्त्याला लागून. म्हणून बाबांचे तीन जुने दोस्त आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन राहिले. तिघांनाही मी लहानपणापासून त्यांच्या कामावरूनच ओळखते: बेकरकाका, सिग्नलकाका आणि डेककाका. बेकरकाका कराडच्या बाजूचे, जहाजावर पाव भाजायचे. सिग्नलकाका ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागी, दुर्बीण घेऊन उभे असायचे. डेककाका फ्लाइट डेकवर विमानं ढकलून जागेवर न्यायचे आणि साखळ्यांनी बांधायचे. जेट विमानांच्या आवाजाने त्यांचा एक कान कायमचा गेला. आणि बाबा स्टोकर, बॉयलर रूममधले. चौघंही १९७० च्या आगेमागे विक्रांतवर होते. जुन्या, पहिल्या विक्रांतवर.

दुपारी सुरमईचं सार, तळलेले बांगडे आणि सोलकढी झाल्यावर चौघं पडवीत बसले. बाबांनी नातवाचा खडू घेतला आणि कोब्यावर जहाज काढायला सुरुवात केली. पडवीच्या एका टोकाला नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, दुसऱ्या टोकाला पिछाडी. डेककाकांनी स्टीलचा पेला उचलून उजव्या अंगाला ठेवला. ते झालं आयलंड, म्हणजे ब्रिज आणि धुराडं असलेला भाग. सिग्नलकाकांनी पेल्यावर बोट ठेवलं, "मी इथे." एवढ्यावर सगळे खूश होते. मग बाबांनी जहाजाच्या पोटात एक चौकोन काढला, ही बॉयलर रूम. तिथून वर जाणारा जिना, वरचा पॅसेज, आणि जिन्याच्या तोंडाशी स्टारबोर्डच्या, म्हणजे जहाजाच्या उजव्या बाजूला बेकरीचं दार. बेकरकाका म्हणाले, "आरं, दार पोर्टला हुतं." पोर्ट म्हणजे डावी बाजू. बाबा म्हणाले, "स्टारबोर्डला. माझा उजवा हात जायचा त्या दारावर. रोज जायचा." बेकरकाका म्हणाले, "बेकरी माझी का तुझी?" बाबांनी रेघ पुसली नाही. बेकरकाकांनी ओल्या बोटाने ती पुसली. बाबांनी परत काढली. आवाज चढले. डेककाकांना नीट ऐकू येत नव्हतं, ते दोघांच्या तोंडाकडे बघत होते. सिग्नलकाकांना दोघांनीही साक्षीला बोलावलं, पण ते त्या बाजूला फारसे गेलेच नव्हते. बाबांचा आवाज कापायला लागला. शहात्तर वर्षांच्या माणसाचा आवाज एवढ्यासाठी कापावा, हे मला बघवेना.

आई कॉफीचा ट्रे घेऊन आली तशी थबकली. "भांडतास कित्याक? आता ता जहाज खंय आसा?"

सगळे एकदम गप्प झाले. संध्याकाळी डोक्यावरून विमानं गेली, किनाऱ्याकडून लोकांचा गलका आला, आम्ही सगळे अंगणात धावलो. बाबा पडवीतच बसून राहिले होते, खडूच्या त्या रेघेकडे बघत. दुसऱ्या दिवशी बेकरकाका निघाले तेव्हा दोघांनी नेहमीसारखी गळाभेट घेतली, पण गाडीत बसताना काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोर्टलाच हुतं गं पोरी." मी ठाण्याला परत आले तरी आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. जहाज असतं तर दोघांना हाताला धरून नेलं असतं आणि दाखवलं असतं. जहाज नाही म्हटल्यावर आता ते दार कुठे असायचं?

बाबा कधीही 'मी विक्रांतवर होतो' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "मी विक्रांतात होतो." लहानपणी मला वाटायचं ही आपली मालवणी बोलायची पद्धत. खूप पुढे कळलं की ते अगदी मोजून म्हणतात. वर होते ते डेककाका आणि सिग्नलकाका. त्यांना समुद्र दिसायचा, विमानं दिसायची, सूर्य बुडताना दिसायचा. बाबांच्या चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, आभाळाचा तुकडाही नसायचा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत बॉयलरचं शिक्षण घेऊन आलेला विशीतला पोरगा, अंगात निळी डांगरी, गळ्यात घाम पुसायचा पंचा, आणि समोर फर्नेस ऑइलवर जळणारी भट्टी. उकाडा इतका, की मिठाच्या गोळ्या खाव्या लागायच्या. कठड्याला उघडा हात लागला तर कातडी सोलायची. सगळं लक्ष एका उभ्या काचेच्या नळीवर, गेज ग्लासवर. त्या नळीतलं पाणी ठरलेल्या खुणेच्या खाली जाता कामा नये आणि वरही जाता कामा नये. बॉयलरमधलं पाणी उतरलं आणि लक्षात आलं नाही तर काय होतं, ते बाबा कधी सांगत नाहीत. दोन्ही हात जवळ आणून एकदम बाजूला नेतात, तेवढंच. आजही आमच्याकडे स्वयंपाकघरात कुकर लागला की ते येऊन शिट्टीखाली उभे राहतात. आईला त्याचा राग येतो. मला येत नाही.

त्यांच्या अंगात जहाज किती भिनलेलं आहे, हे आम्हाला घरात पावलोपावली दिसायचं. जहाजाच्या दारांना खाली वीत-दीड वीत उंच लोखंडी काठ असतो, पाणी एका खणातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. दार ओलांडताना पाय उचलावा लागतो आणि त्याच वेळी डोकं खाली घ्यावं लागतं. आमच्या घराचा उंबरा चार बोटांचा. तो ओलांडताना बाबा गुडघा पार पोटाशी आणतात आणि मान झुकवतात. नवी नवरी पाहुणी आली की तिला वाटतं, सासरे रोज उंबऱ्याला नमस्कार करतात. मी शाळेत होते तेव्हा मैत्रिणी हसायच्या म्हणून मला त्यांची लाज वाटायची, हे आज लिहिताना माझ्या घशाशी येतं. नौदलातून सुटल्यावर त्यांनी कितीतरी वर्षं एका गिरणीत बॉयलरवरच काम केलं. गिरणीच्या दारांना उंबरेच नव्हते. तरी पाय उचलला जायचाच.

आणि पाव. बाबांच्या सगळ्या आठवणींच्या मध्यभागी युद्ध नाही, पाव आहे. रात्री बारा ते पहाटे चार ही मिडल वॉच सगळ्यात वाईट. झोप अर्धी मोडलेली, खाली भट्टीचा एकसुरी आवाज, पायाखाली प्रॉपेलर फिरवणाऱ्या शाफ्टची घरघर. चारला दुसरी टोळी उतरली की बाबा जिना चढून वर यायचे. त्याच वेळेला बेकरीत दिवसाचा पहिला पाव निघायचा. जहाजावर हजार-अकराशे माणसं, त्यांच्या सकाळच्या जेवणाचा पाव रात्रीत भाजायचा, म्हणून बेकर रात्रभर जागे. फर्नेस ऑइलच्या वासाने बसलेल्या नाकात एकदम तो ताज्या पावाचा वास शिरायचा. बाबा म्हणतात, "जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्या पायांनी नाही चढायचो, नाकाने चढायचो." दारावर दोन टकटक. दार वीतभर उघडायचं, आतून पिठाने माखलेला हात बाहेर यायचा, त्यात फडक्यात गुंडाळलेला एक गरम पाव. त्याच्या बदल्यात बाबांनी बेकरीतले एप्रन आणि फडकी बॉयलर रूममध्ये वाळवून द्यायची. पावसाळ्यात जहाजावर दुसरीकडे कपडा वाळणं अवघड, आणि बॉयलर रूममध्ये अर्ध्या तासात कडकडीत. कित्येक महिने हा व्यवहार एकमेकांचं तोंड नीट न बघता चालला होता. त्यांची खरी ओळख झाली ती बंदरावर, सुट्टीत, जेव्हा एका अनोळखी माणसाने बाबांच्या डांगरीचा वास घेऊन विचारलं, "दोन टकटक?"

माझ्या मनात त्या हाताचं एक चित्र आहे. मी जन्मायच्या आधीचा तो हात, मनगटापर्यंत पांढरा.

युद्धाचं विचारलं की बाबा बॉयलरचंच सांगतात. जून १९७० मध्ये जहाज मुंबईच्या डॉकयार्डात असताना बॉयलरच्या वॉटर ड्रमना आतून तडे गेलेले सापडले. वेल्डिंगने बुजतील असे तडे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनहून मागवावे लागले, आणि ते येईपर्यंत बॉयलर वापरायचे नाहीत असा हुकूम. कित्येक महिने विक्रांत थंड पडून होती. तेव्हाचे बाबांचे एक पत्र आजीने जपून ठेवलं होतं. त्यात लिहिलंय, 'जहाज आजारी आहे, काळजी नसावी, मी बरा आहे.' मग पूर्वेकडची लक्षणं बदलली. नवे ड्रम नसतानाच १ मार्च १९७१ ला बॉयलर पेटवले. दाब कमी ठेवायचा, वेग १४ नॉटच्या वर न्यायचा नाही. चोवीस नॉटने धावणाऱ्या जहाजाला १४ नॉट म्हणजे लंगडत चालणं. वर ब्रिजवर त्या गोष्टीचा अर्थ वाऱ्याचा आणि विमानांचा होता. विमानवाहू जहाजाच्या वेगावर विमानांचं उड्डाण ठरतं. खाली त्याचा अर्थ असा होता, की तडा गेलेल्या ड्रमपासून हातभर अंतरावर उभं राहून चार तास काचेच्या नळीकडे बघत राहायचं. भीती वाटायची का, असं मी एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्याशी आम्ही बोलायचो." कोणाशी? "बॉयलरशी. म्हातारीशी बोलतात तसं, हळू."

४ डिसेंबर १९७१ ची सकाळ चौघांनीही पाहिली, आणि चौघांची सकाळ निराळी. सिग्नलकाका सांगतात, समुद्र तेलासारखा सपाट होता. डेककाका आठ सी हॉक विमानं एकामागून एक कॅटापल्टवर, म्हणजे विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रावर, आणून उभी करत होते, पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाझारवर जाण्यासाठी. बाबा त्या वेळी वॉचवर होते. त्यांना ना विमान दिसलं ना समुद्र. पण कॅटापल्ट वाफेवर चालायचं, आणि ती वाफ खालून, त्यांच्याकडून जायची. विमान सुटलं की वाफेचा दाब क्षणभर पडायचा, गेज ग्लासमधलं पाणी उसळायचं आणि परत जागेवर यायचं. "मी आठ उसळ्या मोजल्या," असं ते सांगतात. आठ गेली. परत येताना मात्र गेज ग्लास काही सांगत नाही. आठही सुखरूप परत आली, हे त्यांना वॉच संपवून वर आल्यावर कळलं. आणि बेकरकाका? ते म्हणतात, "त्या दिवशी पाव जास्त लागला. काल कुणी जेवलंच न्हवतं." मला त्या लढाईबद्दल जे काही खरं समजलं, ते या आठ उसळ्यांतून आणि त्या पावातून समजलं. कुठल्या बंदरावर किती बॉम्ब पडले ते पुस्तकात मिळतं.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत सेवेतून निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय केलं, आणि २००८ मध्ये मी बाबांना आणि माझ्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गँगवेवर ते थांबले, ताठ झाले, मग आत आले. आम्ही हँगर फिरलो, फ्लाइट डेकवर गेलो. मुलगा विमानाखाली लपाछपी खेळत होता. बाबा प्रत्येक गोष्ट कौतुकाने बघत होते, पाहुण्यासारखी, कारण वरचा हा भाग त्यांनी नोकरीत असताना फारसा पाहिलाच नव्हता. त्यांना खाली जायचं होतं. खाली जाणाऱ्या एका जिन्याला साखळी लावलेली होती. तिथे उभे राहून ते वाकून अंधारात बघत राहिले. मग अचानक खाली बसले आणि तळहात डेकवर ठेवला. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी धावले. त्यांनी वर बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"गार आसा गो," ते म्हणाले. "ही कधी गार नसायची."

कुठेही हात लावला तरी त्यांचं जहाज कोमट लागायचं, भिंती, कठडे, बंकच्या सळ्या, सगळं. आणि पंख्यांचा आणि शाफ्टचा आवाज कधीच थांबायचा नाही, झोपेतही. त्या दिवशी त्या प्रचंड जहाजात फक्त शाळेच्या मुलांचा गोंगाट होता. परतताना लोकलमध्ये ते एकच वाक्य बोलले, "माणसं होती तेव्हा ती जिवंत होती." मी तेव्हा सांत्वनासाठी काहीतरी बोलले असेन. त्याऐवजी मी तिथल्या कुणाला तरी विनवायला हवं होतं, दोन मिनिटांसाठी ती साखळी काढा म्हणून. एकदा खाली जाऊन आले असते तर त्या दाराचा निकाल तेव्हाच लागला असता. हे दार पंधरा वर्षांनी भांडणाला कारण होणार आहे, हे मला तेव्हा काय माहीत.

२०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं. २०१४ मध्ये साठ कोटींना जहाज भंगारात विकलं गेलं, ते वाचवायची याचिका सुप्रीम कोर्टात फेटाळली गेली, आणि वर्षअखेरीला मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जुनी जहाजं तोडतात, गॅस कटर चालायला लागले. बाबांनी त्या महिन्यांत पेपर वाचणं सोडलं होतं. मी त्यांना न सांगता एकदा रे रोडला उतरले आणि दारूखान्याच्या गल्ल्यांतून चालत गेले. जिथे जहाजं तोडतात तिथे मला जाता आलं नाही, पण गल्ल्यागल्ल्यांत जहाजांचे अवयव मांडून ठेवलेले होते: दोरखंडांचे ढीग, मनगटाएवढ्या कड्यांच्या साखळ्या, पितळी दिवे, चिनीमातीची बेसिनं. एका दुकानाबाहेर सात-आठ लोखंडी दारं भिंतीला टेकवून उभी होती. कोपरे गोल, कडेने फिरवायच्या मुठी, खाली रबराची चीर. मी दुकानदाराला विचारलं, कुठल्या जहाजाची? तो म्हणाला, कुठलीही असतील, वजनावर आहेत. मी त्यातल्या एका दारावर दोन टकटक केल्या. का केल्या ते मला सांगता येणार नाही. गंज बोटांना लागला, तो मी गाडीत बसेपर्यंत पुसला नाही.

तिचं काही पोलाद वितळवून मोटारसायकलींच्या टाक्यांत वापरलं गेलं, आणि मुंबईत लायन गेटजवळ तिचं स्मारक उभं राहिलं. बाबांना मी ते स्मारक दाखवलं आहे. त्यांनी आदराने हात जोडले. पण तिथे ते फार थांबले नाहीत.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत दाखल झाली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. किती मोठी, किती देखणी, आपल्या देशात बांधलेली. बाबा अभिमानाने फुलून गेले होते. मग मुलाने फोनवर वाचून दाखवलं की तिला चार गॅस टर्बाइन आहेत. "आणि बॉयलर?" बाबांनी विचारलं. "नाहीत आजोबा." "एकही?" "एकही नाही." ते मान हलवत राहिले. "बरं झालं," म्हणाले, "पोरांना उकडणार नाही." आणि खरंच, मनापासून म्हणाले. पुढच्या वर्षी बातमी आली की जुन्या विक्रांतची घंटा नव्या जहाजाला देण्यात आली. सिग्नलकाकांनी लगेच फोन केला, त्यांचा गळा दाटला होता. ती घंटा त्यांच्या रोजच्या कानातली. बाबांनाही आनंद झाला. फक्त फोन ठेवल्यावर म्हणाले, "आमच्यापर्यंत तिचा आवाज यायचा नाही." तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमजलं, की विक्रांत नावाचं एकच जहाज कधी नव्हतंच या लोकांसाठी. एकाची घंटेची, एकाची वाऱ्याची, एकाची पिठाची, आणि एकाची वाफेची. हे चौघं पडवीत एकत्र बसले की ते तुकडे एकमेकांना लावून बघतात. कुठे सांधा जुळला नाही की कासावीस होतात. बेकरीचं दार म्हणजे बाबांचं जहाज आणि बेकरकाकांचं जहाज जिथे एकमेकांना भिडत होतं ती एकच जागा. ते दार हललं तर दोघांचं सगळंच हलतं.

हे मला कळलं, पण दार काही सापडलं नाही. सात महिने दोघे फोनवर बोलायचे, तब्येतीचं, पावसाचं, पेन्शनचं. दाराचा विषय दोघेही टाळायचे, आणि टाळलेलं मला ऐकू यायचं.

२०२४ च्या जुलैत मी आठवडाभर मालवणला होते. तुफान पाऊस. एके रात्री नऊच्या सुमाराला वीज गेली. आई आत झोपलेली. मी मेणबत्ती शोधायला उठले तर बाबा म्हणाले, "राहू दे, दिवो लावू नको." जहाजात त्यांना हे शिकवलेलं होतं, दिवे गेले, धूर भरला, तर डोळे मिटून खालून वर येता आलं पाहिजे. स्टोकरला तर आलंच पाहिजे. डोळे बांधून सराव करायचे. ते हे सांगत होते आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी म्हटलं, "बाबा, आता जा ना. बॉयलर रूममधून वर. वॉच संपली. चार वाजले."

ते काही बोलले नाहीत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

डोळे सरावल्यावर मला त्यांची आकृती दिसायला लागली. पडवीच्या मधोमध उभे. आधी त्यांनी गळ्याभोवतीचा नसलेला पंचा सोडवला आणि डाव्या खांद्यावर टाकला. मग दोन पावलं, आणि दोन्ही हात वर गेले, मुठी कठड्यांवर आवळल्या. ते जिना चढत होते. जमीन सपाट, पण गुडघे एकेक करून वर येत होते, शरीर किंचित पुढे झुकलेलं, आणि मी मोजत होते: अकरा पायऱ्या. शेवटच्या तीन जरा भरभर. वर आल्यावर मान खाली गेली, पाय काठावरून पलीकडे पडला. शहात्तर वर्षांच्या माणसाचं ते चालणं नव्हतं. आणि मग, काही विचार करायच्या आत, उजवा हात बाजूला गेला आणि हवेत दोन वेळा टकटक केली.

"बघ," ते अंधारात म्हणाले, आवाजात जिंकल्याचा आनंद. "उजवो हात. स्टारबोर्ड."

पण ते तिथून हलले नाहीत. हात तसाच वर. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. मला वाटलं दमले असतील. मी जवळ गेले तर त्यांनी मला थांबवलं. ते ऐकत होते. मान थोडी कलती, तळपाय जमिनीला घट्ट लावलेले, जशी माणसं खोल विहिरीत डोकावून ऐकतात तसे.

"घरघर," ते म्हणाले. "शाफ्टची घरघर फुडसून येय. माझ्या तोंडार येय. पाठसून नाय." आणि मग खूप हळू, स्वतःशीच, "शाफ्ट पिछाडीला. म्हणजे माझा तोंड पिछाडीला."

मला समजायला क्षणभर लागला. पोर्ट आणि स्टारबोर्ड ठरतं ते नाळेकडे तोंड करून. जिना मागच्या बाजूला कललेला होता, चढणाऱ्याचं तोंड पिछाडीकडे व्हायचं. त्याचा उजवा हात म्हणजे जहाजाची डावी बाजू. पोर्ट. हात बरोबर होता. पन्नास वर्षं हात बरोबरच सांगत होता, उजवीकडे. त्या हाताला नाव देताना चुकलं होतं.

बाबा खुर्चीत बसले. त्यांचा श्वास लागला होता आणि ते हसत होते. मला म्हणाले, फोन लाव. मी म्हटलं, साडेनऊ झालेत, काका झोपले असतील. "बेकर रात्रीचो झोपता कधी?" मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडून खोकल्याचा आवाज, मग "कोण? स्टोकर? काय झालं रे?" बाबांनी सगळं सांगितलं, जिना, पायऱ्या, घरघर, तोंड पिछाडीला. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर. पोर्टला होतं."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"तोंड मागं हुतं व्हय तुझं?" काका म्हणाले. "आणि मी सहा महिनं इचार करतुया, स्टोकर खोटं बोलणार न्हाई, माझंच चुकत आसंल." मग परत शांतता. मग पलंग करकरल्याचा आवाज. "थांब. फोन ठेवू नको. मी बी उठून बघतो."

"दिवा बंद कर," बाबा फोनवर वाकून म्हणाले.

बटणाची टिक ऐकू आली. मग अनवाणी पावलं, दोन, तीन. कणीक मळताना होतो तसा हातांचा घासल्याचा आवाज. आम्ही दोघं अंधारात फोनभोवती वाकून बसलो होतो. पावलं थांबली. मग फोनच्या अगदी जवळ बाबांनी आपल्या बोटांनी खुर्चीच्या हातावर दोन टकटक केली, आणि तिकडून कडी सरकवल्याचा आवाज आला.